राखेची भिंत

१. बसलेली भिंत

मंगळवारी सकाळी कोराडी रोडवरच्या बोरीवस्तीत बळीराम मिस्त्रीनं नव्या भिंतीवर तराईची, म्हणजे बांधकामाला पाणी पाजायची, पहिली बादली ओतली आणि भिंत त्याच्या पायावर बसली. कोसळली नाही, बसली. खालच्या विटांचा चिखल झाला, वरच्या विटा त्या चिखलावरून घसरल्या आणि बळीरामचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली त्यात गेला. बायांनी आरडाओरड करत त्याला बाहेर ओढलं तेव्हा पायाचा आकार पायासारखा राहिला नव्हता.

ही साधी भिंत नव्हती. कोराडीच्या वीज केंद्राची राख उडून बोरीवस्तीच्या भाकरीवर बसत होती. त्या राखेत चुना कालवून, न भाजता वीट करायची आणि त्याच विटांनी वस्तीची घरं बांधायची, असा प्रयोग महापालिका, वस्ती आणि व्यापारी अशा तिघांनी मिळून चालवला होता. जागा महापालिकेची. मेहनत वस्तीतल्या बायांच्या संस्थेची. साचे वीटभट्टीवाल्या भैय्याजी पौनीकरांचे. आणि मिश्रण बसवून द्यायला अभियांत्रिकी कॉलेजातले प्राध्यापक मधुकरराव काटोलकर. सन एकोणऐंशीच्या नागपुरात एवढी माणसं एका पंगतीला बसली हेच नवल होतं.

शुक्रवारी स्थायी समिती ती भिंत पाहायला येणार होती. भिंत टिकली तर वीटकामाची जागा कायमची बायांच्या संस्थेला मिळणार होती. नाही टिकली तर योजना बरखास्त.

दुपारपर्यंत कारणही ठरून गेलं. म्हणे चुना कमी पडला. चुन्याच्या खोलीची किल्ली संस्थेच्या अध्यक्ष गोपिका मेश्राम हिच्याकडे. म्हणजे चुना तिनंच विकला. चौकशी नाही, विचारपूस नाही. गरिबाच्या हातात किल्ली दिली की त्याला चोर ठरवायची अर्धी तयारी झालेलीच असते. बुधवारी सकाळी पोलीस चौकीतून निरोप आला: शुक्रवारी सभा झाली की चौकीवर हजर व्हायचं.

गोपिका तिथून तडक धंतोलीत आली, अ‍ॅडव्होकेट प्रेमिला गजभिये यांच्या ऑफिसात. लुगड्यावर कालचा राखेचा चिखल तसाच होता.

"मी चोट्टी दिसते का तुमाले, बाई?" तिनं उभ्यानंच विचारलं.

प्रेमिलाबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. या प्रयोगाच्या कराराचा मसुदा त्यांनीच फुकटात करून दिला होता. योजना चालू आहे तोवर ही वीट सगळ्यांची, कुणालाही ती एकट्याच्या नावावर करता येणार नाही, हे कलम त्यांनी महापालिकेशी भांडून घातलं होतं. योजना बरखास्त झाली की करारही संपला, हे शेवटचं कलम मात्र महापालिकेनं आपल्या सोयीनं घुसवलं होतं.

"बस आधी," त्या म्हणाल्या. "कोण म्हणतं चोर?"

"सारेच म्हनून राहिले. कोनी तोंडावर, कोनी पाठीमागं."

प्रेमिलाबाईंची एक खोड साऱ्या जिल्हा कोर्टाला माहीत होती. राग येईपर्यंत त्या पुस्तकी मराठीत बोलत. राग आला की बोली सुटे, आणि मग समोरच्या वकिलानं पुढची तारीख मागून घेणं बरं.

"चाल," त्या पर्स उचलत म्हणाल्या. "कोन म्हनते ते पाहून येऊ."

२. घाईचा ट्रॅक्टर

दोघी बोरीवस्तीत पोचल्या तेव्हा महापालिकेचे उपअभियंता चंद्रभान खोरगडे पडलेल्या भिंतीचा ढिगारा ट्रॅक्टरमध्ये भरायला लावत होते.

"थांबवा," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"मॅडम, रस्ता मोकळा करून राहिलो. शुक्रवारी मोठे लोक येनार."

"एका माणसाचा पाय ज्याच्याखाली चेचला, तो ढिगारा तुम्ही दुसऱ्याच दिवशी उचलताय? कुणाच्या हुकमानं?"

चंद्रभाननं टोपी काढून पुन्हा घातली. हुकूम कुणाचाच नव्हता. त्यांना फक्त ही कटकट नजरेसमोरून हलवायची होती. पहिल्या दिवसापासून त्यांचं हेच. वस्तीतल्या बाया, भट्टीवाला शेठ आणि प्रोफेसर अशा तिघांना एका सतरंजीवर बसवून बैठका घ्यायच्या, ही वरून लादलेली हमाली आहे असंच ते मानत. योजना बुडाली असती तर ते सुखानं झोपले असते. प्रेमिलाबाईंनी हे मनात टिपून ठेवलं.

त्यांनी ढिगाऱ्यातली एक अख्खी, कोरडी राहिलेली वीट उचलून पिशवीत टाकली.

"विटा कधी तयार झाल्या?"

उत्तर गोपिकानं दिलं. "तीन आठवडे पानी देल्लं, बाई. या विटेले भट्टी नसते, पानी हेच तिची भट्टी, असं काटोलकर सर म्हनत. सकाळी पानी, दुपारी पानी, सांजंले पानी. एका खेपी पार्वतीबाईचं दुपारचं पानी चुकलं तर सर एवढे बोलले का ते रडली बिचारी. शनवारी सांजंले शेवटचं पानी देऊन आम्ही कामठीले गेलो, माह्या भाचीच्या लग्नाले. सारी वस्ती गेली. सोमवारी सकाळी आलो अन् बळीरामनं भिंत उचलली."

"रविवारी इथं कुणीच नव्हतं?"

"सर होते नं, सोमवारी त्याइनंच सांगतलं! रविवारी दुपारी गार पडली, आठवते का? बोराएवढी गार. सर स्कूटरवर धावत आले, एकट्यानं विटांच्या ढिगावर ताडपत्री टाकली. ओलेचिंब झाले, ताप आला. सोमवारी पार्वतीबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून त्याइची नजर काढली. असा मानूस सापडत नाही, बाई. कोन करते आपल्यासाठी एवढं?"

"वीटकामाच्या जागेच्या गेटची किल्ली कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडं, एक काटोलकर सरांकडं," चंद्रभान म्हणाले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "मॅडम, किल्ली सोडा. भैय्याजीले विचारा. मागच्या बैठकीत तो सर्वांसमोर म्हनला होता, ही वीट उभी राह्यली तर माझी भट्टी आडवी होते. अन् साचे त्याचेच हायेत."

३. भट्टीवाला

भैय्याजी पौनीकरांची भट्टी कामठी रोडवर होती. भैय्याजी स्वतः तिथं एका खाटेवर बसून कामगारांना शिव्या देत होते. प्रेमिलाबाईंना पाहून शिव्या थांबल्या, पण राग थांबला नाही.

"हो, म्हनलं मी!" ते खेकसले. "माझी भट्टी आडवी होते म्हनलं. खोटं हाये का? राखेची वीट स्वस्त पडली तर लाल वीट कोन घेईल? पन तोंडावर म्हनलं, वकीलबाई. पाठीत सुरा घालनारा मानूस बैठकीत बोंबलत नाही."

"मग साचे कशाला दिले?"

"काहून म्हंजे? शहर बदलून राहिलं, ते काय मले दिसत नाही? उद्या हेच चालनार असंन तर आपला पाय आधीपासून त्यात असावा. धंदा हाये माझा, वैर नाही." ते थोडे खाली आले. "दोन साचे बनवले. एक बायांले देल्ला. दुसरा सर घेऊन गेले, कॉलेजात तपासाले म्हनून."

"भिंत पाहिलीत का पडलेली?"

भैय्याजींनी भट्टीच्या पलीकडे बोट दाखवलं. रविवारच्या गारपिटीनं तिथं सुकत टाकलेल्या कच्च्या विटांच्या रांगाच्या रांगा वितळून लाल चिखल झाल्या होत्या.

"ताडपत्र्या टाकून टाकून आम्ही मेलो त्या दिवशी. तरी अर्धा माल गेला. आमच्यात ढग दिसला का हात आधी ताडपत्रीकडे जाते, मंग घराकडे. कच्च्या विटेचं पानी वैरी." मग ते प्रेमिलाबाईंकडे वळले. "तुमची भिंत पाह्यली तवा मले माझाच माल दिसला. फक्त रंग राखाडी. अन् आनखी एक सांगतो. कोनताही मिस्त्री वीट भिजवल्याबिगर लावत नाही. ते वीट जर भिजवली असती तर भिंतीत जाऊन बसलीच नसती, हौदातच विरघळली असती. मंग बळीरामनं भिजवली काहून नाही? त्याले विचारा जा. मले काय विचारता?"

४. वॉर्डातली फळं

दवाखान्यात बळीरामच्या खाटेपाशी प्राध्यापक मधुकरराव काटोलकर बसले होते. स्वच्छ पांढरा बुशशर्ट, हातात संत्र्यांची पिशवी. सर्दीनं आवाज बसलेला.

"या, बाई," ते उठून म्हणाले. "औषधांचं मी बघतो आहे. काळजी नको."

बळीरामची बायको पायथ्याशी उभी होती. पाय ठेवायचा की काढायचा, डॉक्टर उद्या ठरवणार होते. बळीरामचे डोळे तापानं लाल होते, पण शुद्ध होती.

"बळीरामभाऊ, विटा लावायच्या आधी भिजवल्या नाहीत तुम्ही?"

"नाही नं, बाई. हौद भरला होता मी. सर म्हनले, भिजवू नका."

"मीच सांगितलं," मधुकरराव लगेच म्हणाले. "तीन आठवडे पाणी प्यालेल्या विटा होत्या. आणखी भिजवण्याची गरज नव्हती. चूक असेल तर माझी म्हणा." मग ते प्रेमिलाबाईंना व्हरांड्यात घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, "गोपिकाबाईंना फार बोलू नका. गरीब माणूस आहे. दारात चुन्याची पोती पडलेली दिसली की मोह होतो. आपणच त्यांच्या हातात एवढी जबाबदारी द्यायला नको होती. सर्वांनी मिळून संशोधन करायचं हे ऐकायला छान वाटतं, पण शेवटी ज्याचं काम त्यानं करावं."

प्रेमिलाबाईंची कानशिलं तापली. छप्पन्न साली दीक्षाभूमीवरून परत आलेल्या बापानं त्यांना शाळेत घातलं, तेव्हा मास्तरही असंच हळू आणि गोड आवाजात बोलला होता. शिव्या परवडल्या, ही दया नको.

"आणि योजना बरखास्त झाली तर?" त्यांनी विचारलं.

"वाईट वाटेल. पण मी प्रयोग सोडणार नाही. एकट्यानं पुढे नेईन."

ऑफिसात परतल्यावर त्यांनी पिशवीतली वीट काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे रागानं पाहत बसल्या. मग उठून कोपऱ्यातल्या बादलीत पाणी घेतलं आणि वीट त्यात टाकली. बुडबुडे आले. चहा संपेपर्यंत विटेच्या कडा गळाल्या. थोड्या वेळानं बादलीत वीट नव्हती, नुसता गाळ होता.

त्यांनी टेबलावर एवढ्या जोरानं हात आपटला की शेजारच्या ऑफिसातला टायपिस्ट धावत आला. चुना कमी असेल, जास्त असेल, ते राहू द्या. जी वीट पाण्यात तासभरही टिकत नाही, तिला बायांनी तीन आठवडे दिवसातून तीनदा पाणी घातलं कसं? ती पहिल्याच दिवशी वाहून गेली असती.

भिंतीत लागलेल्या विटा बायांनी केलेल्या नव्हत्याच. मग बायांच्या विटा गेल्या कुठं?

५. ताडपत्री

गुरुवारी सकाळी त्या पुन्हा बोरीवस्तीत होत्या. गोपिका चुन्याच्या खोलीच्या दारात बसली होती. आतली पोती मोजायला चंद्रभाननं माणसं लावली होती आणि वस्तीतली पोरं बाजूला उभी राहून ते पाहत होती. गोपिकानं मान वर केली नाही.

"गोपिके, तुमच्या संस्थेकडे ताडपत्री होती?"

"नाही, बाई. आमाले कायले लागते? आमची वीट तर पान्याचीच."

हे बोलून झाल्यावर तिनं मान वर केली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. सारं आयुष्य विटांत काढलेल्या बाया, मिस्त्री, बिगारी. पावसात विटा झाकणं म्हणजे भल्या माणसाचं काम, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. म्हणून कुणालाच प्रश्न पडला नव्हता. त्यांनी त्या माणसाची नजर काढली होती.

"ती ताडपत्री कुठं आहे?"

ती चुन्याच्या खोलीमागं गुंडाळून ठेवलेली होती. गोपिकानं ती पसरली. एका कोपऱ्यावर पांढऱ्या रंगानं एका ट्रान्सपोर्टचं नाव होतं आणि खाली गाव: वाडी.

ऑटोरिक्षात ताडपत्री कोंबून दोघी अमरावती रोडनं वाडीला निघाल्या. गोडाऊनांच्या रांगा, डिझेलचा वास, रस्ताभर आडवे लागलेले ट्रक. ते ट्रान्सपोर्ट सापडायला तीन ठिकाणी विचारावं लागलं. ऑफिसात एक मुनीमजी पान चघळत बसले होते. त्यांची नजर आधी बायांवर गेलीच नाही, ताडपत्रीवर गेली.

"आनली का एकदाची?" ते ओरडले. "रविवारपासून बोंबलून राहिलो मी! त्या प्रोफेसरले फोन करू करू थकलो. गाडी भाड्यानं देल्ली, ताडपत्री नाही देल्ली. गार पडली तर आमचा डायवर उघड्या गाडीनं परत आला!"

प्रेमिलाबाईंनी गोपिकाचा दंड घट्ट धरला, कारण गोपिका मुनीमजीच्या अंगावरच जाणार होती.

"गाडीत काय होतं, मुनीमजी?" त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"विटा. जाताना विटा, येताना विटा. मले तर समजलंच नाही, विटा देऊन विटा आनाच्या हा कोनता धंदा होय! मागच्या गोडाऊनात हायेत. ते गोडाऊन त्याइनंच भाड्यानं घेतलं, नवी कंपनी टाकून राहिले म्हने. पाहाच्या का?"

मागच्या गोडाऊनात अंधार होता, पण गोपिकाला उजेडाची गरज नव्हती. तिनं थप्पीवरची एक वीट उचलली, दुसरीवर आपटली. खणकन आवाज आला. मग ती तिथंच मटकन बसली आणि वीट मांडीवर घेऊन रडली. दुःखानं नाही, संतापानं. थप्पीशेजारी भैय्याजींचा दुसरा साचा पडला होता. त्याच्या आतल्या बाजूला मातीमिश्रित राख अजून चिकटलेली होती.

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला. बळीरामचा पाय गुडघ्याखालून काढला.

६. दोन बादल्या

शुक्रवारी सकाळी बोरीवस्तीत मांडव पडला होता. समितीचे सभापती आणि सदस्य खुर्च्यांवर, शेजारी चौकीचे फौजदार. चंद्रभान, भैय्याजी, मधुकरराव पहिल्या रांगेत. मागं सारी वस्ती उभी.

प्रेमिलाबाईंनी टेबलावर दोन बादल्या ठेवल्या. एकीत पडलेल्या भिंतीची वीट टाकली, दुसरीत वाडीहून आणलेली. मग त्या मधुकररावांकडे वळल्या.

"काटोलकर सर, तीन आठवडे तुम्ही या बायकांना रोज काय सांगत होतात?"

"पाणी द्या. या मिश्रणाला पाण्यानं बळ येतं."

"एकदा पाणी चुकलं म्हणून तुम्ही पार्वतीबाईंना रडवलंत. बरोबर?"

"शिस्त लागते, बाई."

"मग रविवारी आभाळातून फुकटचं पाणी आलं, तेव्हा तुम्ही तापात पडेपर्यंत भिजून विटा झाकल्या. कशासाठी?"

मधुकररावांनी चष्मा काढला. "गारा होत्या. घाईत विचार सुचत नाही. हात आपोआप ताडपत्रीकडे गेला."

"हात माझा जाईन, सर!" भैय्याजी खुर्चीतून उठलेच. "माझा जाईन, माझ्या बापाचा गेला असता. आम्ही कच्च्या विटेवाले. तुमी जल्मात वीट उचलली नाही, तुमचा हात काहून गेला?"

"मी सांगते काहून गेला," प्रेमिलाबाई म्हणाल्या, आणि त्यांची बोली सुटली. "कारन त्या ढिगात बायांच्या विटा नव्हत्याच. रविवारी वस्ती लग्नाले गेली, तुमी तुमच्या किल्लीनं गेट उघडलं, वाडीचा ट्रक आत घेतला. चांगल्या विटा नेल्या, राख-मातीच्या खोट्या विटा ठेवल्या, भैय्याजीच्याच साच्यात काढलेल्या. तेवढ्यात गार आली. पान्यात त्या विटांचा चिखल झाला असता अन् सोमवारी भिंतच उभी राह्यली नसती. भिंत तर उभी राह्यली पायजे होती, सर्वांसमोर पडाले. म्हून ट्रकची ताडपत्री ओढून घेतली. म्हून बळीरामले म्हनलं, भिजवू नका. शुक्रवारी पान्याच्या चाचणीत पडली असती तर हे सारे खुर्चीवाले साक्षीदार झाले असते. पन बळीराम आपल्या सवयीनं तराई कराले गेला, अन् त्याचा पाय गेला!"

दारात मुनीमजी ताडपत्री खांद्यावर टाकून उभे होते. फौजदारानं त्यांना पुढं बोलावलं. त्यांनी मधुकररावांकडे बोट दाखवलं आणि चार दिवसांचं ताडपत्रीचं भाडंही मागितलं. कुणी हसलं नाही. टेबलावरच्या पहिल्या बादलीत नुसता गाळ उरला होता. दुसऱ्या बादलीतली वीट सभापतींनी स्वतः काढून पाहिली. तिची धारही गेली नव्हती.

"काहून केलं, सर?" गोपिका मागून म्हणाली. "आम्ही तुमाले देव मानत होतो."

मधुकररावांचा गोड आवाज पहिल्यांदा तुटला. "कारण ते माझं आहे! प्रमाण मी काढलं. आणि करारात लिहिता, वीट सगळ्यांची. साचा देणाऱ्याची, घमेलं उचलणाऱ्याची! दहा वर्षं मी अभ्यास केला, तो घमेल्याच्या बरोबरीचा? योजना मोडली असती तर करार मोडला असता. मग मी पेटंट घेतलं असतं. माझ्या नावानं."

पहिल्या दोन आठवड्यांत त्यांची विटेमागून वीट तडकली होती. रेती मिसळायचं पार्वतीबाईनं सुचवलं, साचा जड करायचं भैय्याजींनी. ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला आठवत होतं.

सभापतींनी चंद्रभानला जवळ बोलावलं. दोघं कुजबुजले. मग चंद्रभान उभे राहिले.

"हे पाहा, झालं ते वाईट झालं. गोपिकाबाईवरचा संशय गेला. पन हे पेपरात गेलं तर पुन्हा कोनता प्रोफेसर, कोनता व्यापारी लोकांसोबत बसंन? साहेबांचं म्हननं हाये, अहवालात तांत्रिक दोष लिहू. योजना तूर्त बंद करू. सर बळीरामचा खर्च देतील. जागा संस्थेलेच राहीन. फक्त या विषयावर कोनी बोलाचं नाही."

प्रेमिलाबाईंना क्षणभर वाटलं, समोरची बादली उचलून ओतावी यांच्या अंगावर. योजना बंद म्हणजे करार बंद. वर्ष सरलं की वाडीतून मधुकररावांच्या नावाची वीट बाजारात येणार, आणि बायांनी मिळालेल्या जागेवर गप्प बसायचं. चोरी पकडली गेली होती आणि चोराच्याच पदरात पडत होती.

"बाई," गोपिका त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, "विटेत काय पडते ते मी आत्ता साऱ्याइसमोर सांगून टाकलं, तर सरले ते आपल्या नावावर करता येईन का?"

"नाही. एकदा सगळ्यांना ठाऊक झालेल्या गोष्टीचं पेटंट मिळत नाही."

"अन् आमाले?"

"तुम्हालाही नाही. मग ती वीट कुणीही करील. आणि जागा जाईल, गोपिके. यांनी गप्प बसायची किंमत म्हणून जागा ठेवली आहे."

गोपिकानं मागं पाहिलं. बाया उभ्या होत्या. तीन आठवडे पाणी वाहून खांदे सोललेल्या. पार्वतीबाई म्हणाली, "सांग वं. बळीरामच्या पायावर मिळालेली जागा मले नाही पायजे."

प्रेमिलाबाई फौजदाराकडे वळल्या. "तक्रार मी देते. आत्ता, इथंच लिहून घ्या. समेट करायचाच असेल तर यांनी तो बळीरामच्या तुटलेल्या पायाशी करावा." फौजदारानं सभापतींकडे पाहिलं, मग मागच्या गर्दीकडे पाहिलं, आणि मधुकररावांच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला.

गोपिका पडलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्यावर चढली.

"आयका!" तिचा आवाज चिरकत होता. "राख सहा घमेले. चाळून घ्याची, खडा ठेवाचा नाही. रेती दोन घमेले, हे पार्वतीबाईनं काढलं. चुना दोन, आधी विझवलेला. साचा जड पायजे, हे भैय्याजीनं सांगतलं. दोन दिवस सावलीत, मंग तीन आठवडे पानी. हे प्रमान सरनं काढलं, तेही सांगते, मी कोनाचं चोरत नाही! पन वीट कोना एकाची नाही. ज्याले कराची त्यानं करावी. कामठीत करा, वाडीत करा, खुशाल करा!"

"गोपिकाबाई, खाली उतरा! जागा रद्द होईन!" चंद्रभान ओरडत होते.

"करा रद्द!" ती खालून आलेल्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडली.

पहिल्या रांगेतून भैय्याजी पौनीकर उठले, खुर्ची मागं सारली आणि ढिगाऱ्यापाशी आले.

"माझ्या भट्टीमागं जागा पडून हाये," ते म्हणाले. "भाडं घेईन मी, फुकट नाही देनार. पन आधी पुन्हा सांग, चुना कितीक म्हनलं?"

"दोन घमेले," गोपिका म्हणाली. मग तिनं मान वर केली आणि मागच्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.